रिकामी पुंगळी बोलते! गोळी कोणत्या बंदुकीतून सुटली, हे कसं कळतं?

गोळीबाराच्या बातमीत एक ओळ हमखास असते : 'घटनास्थळावरून रिकाम्या पुंगळ्या जप्त.' आरोपी पळाला, बंदूकही नाही, मग पोलिस या पितळी पुंगळ्या एवढ्या जपून का नेतात?

खुणा कशा उमटतात?
चाप ओढला की बंदुकीतली पिन काडतुसाच्या बुडावर आदळते आणि तिथे खळगा पडतो. आतली दारू पेटते. गोळी पुढे सुटते, तर पुंगळी मागच्या पोलादी भागावर जोरात दाबली जाते. त्या पोलादावर कानस किंवा यंत्र फिरल्याच्या बारीक रेघा असतात, त्या मऊ पितळावर उमटतात. पिस्तुलात पुंगळी बाहेर ओढणारा आकडाही ओरखडा सोडतो. एकाच कारखान्यातल्या दोन बंदुकांच्या या बारीक खुणाही सहसा सारख्या नसतात.

जुळवणी कशी होते?
जप्त केलेली बंदूक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाते. तिथे तिच्यातून चाचणीच्या गोळ्या झाडतात. मग चाचणीची आणि घटनास्थळाची पुंगळी खास सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी-शेजारी ठेवून रेघा ताडून बघतात.

बंदूक हाती नसली तरी दोन गुन्हे जोडता येतात. डॉ. एम. एम. कलबुर्गी यांची ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडला, तर गौरी लंकेश यांची ५ सप्टेंबर २०१७ रोजी बेंगळुरूत हत्या झाली. दोन्हीकडे एकच पिस्तूल वापरलं गेलं, असा निष्कर्ष कर्नाटकच्या तपासात अशाच तपासणीतून निघाला.

मर्यादाही आहेत
पुंगळी बंदूक सांगते, चाप कोणी ओढला ते नाही. रिव्हॉल्व्हरची पुंगळी आतच राहते. ठासणीच्या बंदुकीला पुंगळीच नसते. शिवाय जुळवणी हे तज्ज्ञाचं मत असतं. न्यायालय ते इतर पुराव्यांसोबत तपासतं.

आपण काय करायचं?
पुंगळी दिसली तर उचलू नका, पायाने सरकवू नका, हातात धरून व्हिडिओ काढू नका. ती कुठे पडली, यावरूनही गोळी कुठून झाडली याचा अंदाज बांधता येतो. गर्दी लांब ठेवा आणि ११२ वर फोन करा. खिशात घातलेली एक पुंगळी खरा आरोपी सोडवू शकते, किंवा निर्दोष माणसाच्या सुटकेचा पुरावा हरवू शकते.