जंगलाचे ज्ञान आणि आपली जबाबदारी

पर्यावरण क्षेत्रात काम करणारे तज्ज्ञ आदिवासी पाड्यांवर जातात, ते बहुधा काही माहिती मिळविण्यासाठी. त्या माहितीचे श्रेय आणि लाभ कोणाचा, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला जातो. केरळमधील काणी आदिवासींचा अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे.

१९८७ साली शास्त्रज्ञांचे एक पथक अगस्त्य पर्वताच्या परिसरात वनस्पतींचा अभ्यास करीत होते. चढण चढून सर्व थकले. परंतु वाटाडे असलेले काणी तरुण ताजेतवाने होते. ते अधूनमधून एक लहानसे फळ खात. हे ज्ञान समाजाचे गुपित असल्यामुळे त्यांनी प्रथम वनस्पती दाखविण्यास नकार दिला. गैरवापर होणार नाही, असे आश्वासन मिळाल्यावरच त्यांनी ‘आरोग्यपच्चा’ दाखविली.

तिच्यापासून तिरुवनंतपुरमच्या वनस्पती संशोधन संस्थेने ‘जीवनी’ हे औषध तयार केले. १९९५ साली त्याच्या उत्पादनाचा परवाना १० लाख रुपये व विक्रीवर २ टक्के स्वामित्वधन या अटींवर एका औषध कंपनीला देण्यात आला. यातील निम्मा वाटा काणी समाजाला देण्याचे संस्थेने ठरविले. तसे करण्याची सक्ती करणारा कायदा तेव्हा देशात नव्हता. जैविक विविधता कायदा २००२ साली आला. १९९७ साली समाजाचा विश्वस्त निधी स्थापन झाला व १९९९ साली पैसे त्यात जमा झाले.

तरीही सर्व काही सुरळीत झाले नाही. अनेक वस्त्यांत विखुरलेल्या या समाजातील थोड्याच लोकांशी प्रारंभी बोलणी झाली होती. ‘प्लाथी’ म्हणविल्या जाणाऱ्या काही पारंपरिक वैद्यांनी आक्षेप घेतला. वनस्पतीची लागवड व तोडणी यांवर वनखात्याने निर्बंध घातल्याने उत्पन्नही अडले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रामाणिक हेतू आणि पैशाचा वाटा आवश्यक आहेत, पण पुरेसे नाहीत. संमती आरंभीच, संपूर्ण समाजाकडून, त्याच्या भाषेत आणि त्याला हवा तेवढा वेळ देऊन घ्यावी लागते. ‘नाही’ म्हणण्याचा त्याचा अधिकारही मान्य करावा लागतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात आदिवासी समाजांना संवादातील प्रमुख सहभागी मानावे, असे सांगितले आहे. आपल्या धर्मग्रामांतील जे तरुण पर्यावरणाच्या क्षेत्रात शिक्षण वा नोकरी करीत आहेत, त्यांनी पाड्यावर पाऊल ठेवताना हे स्मरणात ठेवावे. तेथील वृद्ध वैद्य हा केवळ माहिती देणारा नव्हे. त्या विषयातील तो आपला गुरू आहे.