नाण्यावरची रेघ काय सांगते?

भाजीवाल्याने परत दिलेल्या दोन रुपयांच्या नाण्यावर कडेपासून अंकापर्यंत गेलेली केसासारखी एक रेघ दिसते. बहुतेक जण ओरखडा समजून नाणे खिशात टाकतात. काही जण ‘खोटे तर नाही ना?’ म्हणून ते परत करतात. एखादा मोबाइलवरचे व्हिडिओ आठवून लखपती होण्याची स्वप्ने पाहू लागतो. तिघांचाही अंदाज चुकू शकतो. ती रेघ नेमकी कशाची, हे साधे भिंग आणि टेबलावरचा दिवा एवढ्या सामग्रीवर घरबसल्या तपासता येते.

त्यासाठी आधी नाणे कसे घडते ते पाहू. टांकसाळीत धातूची कोरी चकती एका कड्यात बसते. तिच्या वर आणि खाली कठीण पोलादाचे दोन साचे, म्हणजे ‘डाय’ असतात. साच्यावर नक्षी उलटी आणि खोलगट कोरलेली असते. प्रचंड दाबाखाली चकतीचा धातू त्या खोलगट भागात शिरतो आणि नाण्यावर सुलटी, उठावदार नक्षी उमटते. आधुनिक यंत्रे मिनिटाला शेकडो नाणी पाडतात. तोच दाब साच्यावर पुन्हा पुन्हा पडत राहिला, की पोलादही थकते. प्रथम सूक्ष्म भेग पडते, मग ती लांबत जाते. पुढच्या प्रत्येक नाण्याचा धातू त्या भेगेतही शिरतो आणि नाण्यावर बारीक, उंच रेघ तयार होते.

ओळखण्याची पहिली कसोटी यातूनच मिळते. साच्यात खळगा पडला तर नाण्यावर उंचवटा येतो. ओरखडा मात्र नाण्यातच खणला जातो. दिव्याचा प्रकाश बाजूने, तिरका पाडून नाणे हळूहळू फिरवावे. दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून रेघ उंच दिसली तर ती साच्याची भेग. खोल दिसली, आजूबाजूचा धातू सरकलेला दिसला, तर तो वापरातला घाव. साच्याचा तुकडा कडेशी पूर्ण निखळला, तर नाण्यावर तिथे नक्षीऐवजी सपाट गुठळी उठते.

इतर दोषही असेच वाचता येतात. चकती यायची राहिली आणि दोन साचे एकमेकांवर आपटले, तर पुढच्या नाण्यांवर दुसऱ्या बाजूच्या नक्षीची पुसट, उलटी बाह्यरेषा दिसते. साच्याच्या खाचेत वंगण आणि धूळ साचली, तर एखादे अक्षर अर्धवट उमटते किंवा गायब होते. साचा जागेवर थोडा फिरला, तर नाण्याच्या दोन बाजू एका रेषेत राहत नाहीत. हे तपासणे अगदी सोपे आहे. आपली आजची नाणी सरळ धरून पुस्तकाच्या पानासारखी उलटली, की मागची बाजूही सरळच दिसायला हवी. ती कलती दिसली तर साचा फिरला होता.

सर्वाधिक फसगत होते ती दुहेरी अक्षरांबाबत. साचा घडवतानाच नक्षी किंचित सरकून दोनदा उमटली, तर त्या साच्याच्या प्रत्येक नाण्यावर तीच दुहेरी नक्षी येते. अमेरिकेतील १९५५ सालच्या एक सेंटच्या काही नाण्यांवर असे दुहेरी साल व अक्षरे साध्या डोळ्यांनाही दिसतात आणि संग्राहक त्यांना मोठी किंमत देतात. मात्र नाणे पाडताना साचा हलल्यानेही दुहेरीपणाचा भास होतो. त्यात अक्षराशेजारी सपाट, चकाकती पायरी दिसते आणि मूळ अक्षर अरुंद होते. खऱ्या दुहेरी साच्यात दोन्ही अक्षरे गोलाईदार, उठावदार असतात आणि त्यांची टोके दुभंगलेली दिसतात.

दोष नसलेल्या गोष्टी दोष समजू नयेत. सालाखालचा चौकट आकार ही मुंबईच्या टांकसाळीची खूण, तारा हैदराबादची आणि टिंब नोएडाचे. कोलकात्याच्या नाण्यांवर खूण नसते. दहा रुपयांच्या नाण्यावर ₹ चिन्ह नाही म्हणून ते नाकारणारे आजही भेटतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच स्पष्ट केले होते, की तोवर आलेल्या दहाच्या नाण्यांचे १४ नमुने असून ते सर्व चलनात वैध आहेत. नकार दिला की नुकसान होते ते शेवटी रिक्षावाल्याचे आणि टपरीवाल्याचे.

राहिला प्रश्न किमतीचा. साच्याच्या बारीक भेगा वारंवार आढळतात. त्यामुळे अशा बहुतेक नाण्यांना दर्शनी किमतीपलीकडे फारसे मोल नसते. ‘आधी शुल्क भरा, मग नाण्याचे लाखो रुपये घ्या’ असे सांगणारे लोक फसवणूकच करत असतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने चालणाऱ्या अशा व्यवहारांबाबत बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केले होते. जुनी नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीसाठी बँक कोणतेही शुल्क घेत नाही.

वेगळे वाटलेले नाणे घासूनपुसून चकचकीत करू नये, त्याने मूळ पृष्ठभागच जातो. ते कागदी पाकिटात ठेवून त्याच साल आणि खुणेच्या दुसऱ्या नाण्याशी ताडून पाहावे. हाती लाख रुपये येणार नाहीत, पण थकत चाललेल्या पोलादी साच्याची गोष्ट दोन रुपयांत वाचायला मिळेल.