खांद्याचे दुखणे आणि तुटलेली कंडरा

जालना जिल्ह्यात मोसंबी तोडताना हात वारंवार डोक्यावर न्यावा लागतो. साठीनंतर अशा कामाने खांदा दुखू लागला, की ‘वात’ समजून तेल चोळले जाते. तेल जिरते, फाटलेली कंडरा मात्र सांधत नाही.

खांद्याचा गोळा चार स्नायूंच्या कंडरांनी जागच्या जागी धरलेला असतो. वयोमानाने त्या जुन्या कासऱ्याप्रमाणे विरतात व एखादी तुटते. त्या कुशीवर निजल्यास रात्री ठणका लागतो, हात वर उचलवत नाही. ग्रामसेवकांनी एक खूण ध्यानी ठेवावी. दुसऱ्याने उचलल्यास हात वर जात असेल, तर कंडरेचा संशय घ्यावा. तसाही जात नसेल, तर बहुधा सांधा आखडलेला असतो, व मधुमेह असणाऱ्यांत हे अधिक आढळते. क्ष-किरण चित्रात कंडरा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसते.

हळूहळू झिजून फाटलेल्या कंडरेस पुष्कळदा शस्त्रक्रिया लागत नाही. शिकून घेतलेला व्यायाम दोन-तीन महिने नेटाने केल्यास बहुतेकांस गुण येतो. हात झोळीत बांधून ठेवू नये. परंतु बैलाच्या हिसक्याने अगर बांधावरून पडून हात एकाएकी उचलेनासा झाला, तर त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालय गाठावे. उशीर झाल्यास तुटलेले टोक मागे सरते व ते पुन्हा जोडणे कठीण होते.