कापसाच्या घरात धुराची घंटा

दिवाळीच्या आगेमागे मारेगाव तालुक्यात कापसाची वेचणी जोरात सुरू होते आणि घर आक्रसू लागते. आधी एक कोपरा भरतो, मग भिंत, मग अर्धी खोली. घरात कापूस भरून ठेवणे ही कुणाची हौस नव्हे. माल बाजारात एकदम आला की भाव पडतो. लहान कास्तकाराजवळ गोदाम नसते. म्हणून भाव चढेपर्यंत कापूस उशापायथ्याशीच राहतो, आणि मुलेबाळे त्याच खोलीत झोपतात.

कापसाची आग मोठी फसवी असते. विडीचे थोटूक, चुलीतली ठिणगी किंवा सैल वायरीचा जोड एवढे निमित्त पुरते. कापूस जाळ न दिसता आतल्या आत तासन् तास धुमसत राहतो. जाळ शेवटी दिसतो, धूर आधी पसरतो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वासही नाही. "धूर झाला तर वासाने जाग येईलच," असे आपण म्हणतो खरे. पण गाढ झोपेत माणसाला वासाने जाग येईल याची खात्री नसते. कर्कश आवाजाने मात्र जाग येते.

धूर काय करतो हे विदर्भाने पाहिले आहे. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली. १० बालके दगावली. त्यांतली ३ होरपळून गेली आणि ७ धुराने गुदमरून, असे तेव्हा शासनाने सांगितले.

धुराची घंटा, म्हणजे स्मोक अलार्म, ही केवळ बंगलेवाल्यांची वस्तू आहे असे समजू नये. कापूस भरलेल्या खोलीत तिची गरज बंगल्याहून जास्त आहे. मात्र घेताना पारखून घ्यावी. या घंटा मुख्यतः दोन जातींच्या असतात. आयोनायझेशन जातीची घंटा भडकत्या जाळाला लवकर ओळखते. फोटोइलेक्ट्रिक जातीच्या घंटेत प्रकाशाचा झोत असतो. धुराचे कण त्यात आले की प्रकाश विखुरतो आणि घंटा वाजते. धुमसत्या आगीचा धूर ती लवकर पकडते. आपल्याला हवी ती हीच. दुकानदाराला आणखी एक गोष्ट स्पष्ट विचारावी : ही सेलवर स्वतः वाजणारी आहे ना? कारण इमारतींच्या मोठ्या यंत्रणेला जोडायचे डबेही बाजारात मिळतात. दिसायला ते सारखेच, पण एकटे टांगले तर मुके!

चुलीजवळ ही घंटा लावू नये. रोज फोडणीला वाजू लागली की घरातले कुणीतरी वैतागून सेल काढून टाकते, आणि मग ती असून नसल्यासारखी. बुद्धमूर्तीपुढे, बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती-उदबत्ती लावतो तिथूनही ती दूर असावी. झोपायच्या खोलीत लावावी. स्लॅब असेल तर छताच्या मधोमध. टिनाचे छत असेल तर टिनालाच चिकटवू नये. उन्हाळ्यात ते इतके तापते की यंत्र बिघडू शकते. त्यापेक्षा छताखाली वीतभर अंतर सोडून भिंतीवर लावावी. गॅस गळती मात्र तिला कळत नाही, हे बहिणींनो, ध्यानात असू द्या. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो आणि ही घंटा वर असते.

महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज तपासावा. कापसाची बारीक तूस आणि धूळ जाळीत बसते, ती मऊ ब्रशने झाडावी. थांबून थांबून बारीक 'टिक' असा आवाज येऊ लागला तर बहुधा सेल संपत आला असतो. त्याच दिवशी बदलावा. रेडिओसाठी त्यातला सेल काढून नेणाऱ्या पोरांवर लक्ष ठेवावे लागते, ते वेगळेच.

सेल नवा घातला म्हणून घंटा नवी होत नाही. आतला धूर ओळखणारा भाग धुळीने आणि वयाने मंद होतो. बटण दाबले की वाजते, पण धूर आला तर वाजेलच असे नाही. म्हणून १० वर्षांनी अख्खी घंटाच बदलायची असते. ही १० वर्षे खरेदीपासून नव्हे, बनवल्याच्या तारखेपासून मोजायची. ती तारीख डब्याच्या पाठीमागे छापलेली असते. दुकानात जुना माल पडून असू शकतो, तेव्हा पैसे देण्याआधी डबा उलटा करून पाहावा. २०२५ सालची असेल तर भिंतीवर घंटेशेजारी खडूने नव्हे, रंगाने २०३५ लिहून ठेवावे.