तेल न मागणारं घड्याळ

इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यात ब्रॉकल्सबी पार्क नावाची एका जमीनदार घराण्याची हवेली आहे. तिच्या तबेल्यावर १७२२च्या सुमारास बसवलेलं घड्याळ आजही चालतं. चाकं ओकच्या लाकडाची, आणि तेल अजिबात लागत नाही. ते घडवणारा जॉन हॅरिसन बापाच्या हाताखाली सुतारकाम शिकला होता. घड्याळजीकडे त्याने कधी उमेदवारी केली नव्हती.

हॅरिसनचं नाव निघालं की लोक थेट समुद्रावर जातात. रेखांश शोधण्यासाठी ठेवलेलं २०,००० पौंडांचं बक्षीस, ते मिळवायला केलेली सागरी घड्याळं, पैशांसाठी झालेला छळ. मला मात्र त्याआधीची, बॅरो गावातली वर्षं अधिक मोलाची वाटतात. धाकटा भाऊ जेम्स जोडीला, आणि हाताशी मुख्यतः लाकूड.

चाकाचे सगळे दाते एकाच फळीतून कापले, तर त्यांतले काही लाकडाच्या रेषेला आडवे येतात आणि टवका उडून तुटतात. हे कुठल्याही सुताराला ठाऊक असतं. हॅरिसनने चाकाच्या कडेला खाच पाडली आणि दात्यांचे वेगळे तुकडे असे बसवले, की प्रत्येक दात्यात लाकडाची रेषा केंद्रापासून बाहेर धावावी. फिरत्या भागांसाठी त्याने लिग्नम व्हिटे वापरलं. वेस्ट इंडीजकडचं हे लाकूड पाण्यात बुडण्याइतकं जड आणि स्वतःच तेलकट असतं. त्या काळी वंगणाचं तेल थंडीत घट्ट होई, धूळ धरी आणि घड्याळ मागे पडे. तेल सुधारत बसण्यापेक्षा त्याने त्याची गरजच काढून टाकली.

चाकाला एकेक दाता पुढे सोडणाऱ्या यंत्रणेतही घासणं असतंच. त्यावर त्याने नाकतोड्यासारखे पाय झटकणारी जोडी शोधली: एक पाय दात्यावर टेकला, की दुसरा उडी मारून बाजूला होतो. उन्हाळ्यात लांबणाऱ्या लंबकासाठी पोलाद आणि पितळेच्या नऊ कांबींची जाळी केली. पोलाद गोळ्याला जेवढं खाली नेईल, तेवढं पितळ वर उचलतं.

वेळ ताडून पाहायला गावात दुसरं भरवशाचं घड्याळ कुठलं असणार? खिडकीच्या चौकटीशी डोळा लावून तो शेजाऱ्याच्या धुराड्याआड तारा लपायची वाट पाही. तारा दर रात्री सुमारे ३ मिनिटं ५६ सेकंद आधी लपतो. तेवढा फरक घड्याळात दिसला, की चाल बरोबर. महिन्याला एका सेकंदापेक्षा जास्त चूक होत नाही, असा त्याचा दावा होता.

१७७५ साली, ऐंशी ओलांडल्यावर, त्याने छापलं की आपल्या पद्धतीचं लंबकाचं घड्याळ शंभर दिवसांत एका सेकंदाच्या आत राहील. समीक्षकांनी ते म्हातारचळात काढलं. पुढच्याच वर्षी तो वारला. मार्टिन बर्जेस यांनी विसाव्या शतकात त्याच्या तत्त्वांवर, पण आधुनिक धातू वापरून एक घड्याळ रचलं. २०१५ साली ग्रिनिच वेधशाळेत ते सीलबंद पेटीत ठेवून तपासलं, तेव्हा शंभर दिवसांत चूक निघाली पाच अष्टमांश सेकंद.