बहुमत, चिठ्ठी आणि समेट

सिल्वासाजवळचे मसाट हे माझे गाव. कारखान्यांमुळे येथे गुजराती, मराठी, हिंदी बोलणारी माणसे शेजारी-शेजारी राहतात. अशा ठिकाणी 'बहुमताने ठरवू' हे म्हणणे नेहमीच न्यायाचे ठरते का, असा प्रश्न मला पडतो. एक उदाहरण घेऊ.

समजा, एका चाळीत २० बिऱ्हाडे आहेत. जमलेली वर्गणी ११ बिऱ्हाडांना नवरात्रातील गरब्यासाठी हवी आहे, तर ९ बिऱ्हाडांना गणेशोत्सवासाठी. दोन्ही सण साधेपणाने करावेत, हा मार्ग सर्वांनाच बऱ्यापैकी पसंत आहे. परंतु हात वर करून मते घेतली तर दरवर्षी गरबाच होणार. मग ११ जण तडजोड कशाला करतील? आणि उरलेले ९ जण किती वर्षे वर्गणी देतील?

चिठ्ठी टाकणे आपल्याला नवीन नाही. २०१७ साली मुंबई महानगरपालिकेच्या प्रभाग क्र. २२० मध्ये शिवसेना व भाजप यांच्या उमेदवारांना सारखीच मते पडली. अखेर चिठ्ठीने भाजपचे अतुल शहा विजयी ठरले. तेथे चिठ्ठीने केवळ बरोबरी फोडली. पण तिच्याकडून समेटाचे कामही करून घेता येते. योब्स्ट हाइट्झिग व फॉरेस्ट सिमन्स या अभ्यासकांनी २०१२ च्या एका शोधनिबंधात अशा पद्धती मांडल्या आहेत. त्यांतील सर्वांत सोपी अशी :

प्रत्येकाने दोन चिठ्ठ्या लिहायच्या, एक समेटाची व दुसरी आवडीची. समेटाच्या सर्व चिठ्ठ्यांवर एकच गोष्ट असेल तर तोच निर्णय. एक जरी चिठ्ठी वेगळी निघाली, तर आवडीच्या चिठ्ठ्यांतून न पाहता एक उचलायची आणि तीवरचा निर्णय सर्वांनी मानायचा.

आता हिशेब करू. मनासारखे झाले तर १०० गुण, विरुद्ध झाले तर शून्य, आणि दोन्ही सण साधेपणाने झाले तर ७५ गुण धरू. समेट मोडल्यास गरबावाल्यांच्या पदरी सरासरी ५५ गुण पडतात, गणपतीवाल्यांच्या ४५. दोघांनाही ७५ अधिकच आहेत.

एखादे हट्टी बिऱ्हाड समेट मोडू शकते, हा या पद्धतीतला दोष खरा. पिण्याच्या पाण्यासारखे प्रश्नही कोणी चिठ्ठीवर सोडू नयेत. तरीही तिचा मोठा गुण विसरता येत नाही. बहुमतात ११ जणांना ९ जणांशी बोलण्याची गरज उरत नाही. येथे मात्र चिठ्ठी उचलण्यापूर्वी त्यांना एकत्र बसावेच लागते.