धुतलेल्या यंत्रातही जंतू राहतात!
मांस व्यावसायिकांनी लक्षात ठेवावी अशी कॅनडातील घटना

मांसाच्या धंद्यातील आपल्या बांधवांना स्वच्छतेविषयी विचारले, तर ‘रोज धुतो ना!’ असे उत्तर हमखास मिळते. ते खोटे नसते. परंतु रोज धुणारा कारखानाही कसा गोत्यात येतो, हे 2008 साली कॅनडात दिसले. त्याची हकीकत आम्ही मुद्दाम देत आहोत.

टोरोंटो येथील मेपल लीफ फूड्स या मोठ्या कंपनीच्या कारखान्यात शिजवलेल्या मांसाच्या पातळ चकत्या कापून पाकिटात भरल्या जात. 2008 च्या ऑगस्टमध्ये या पाकिटांतून लिस्टेरिया नावाचे जंतू पसरल्याचे उघड झाले. चौकशी अहवालानुसार 57 जण आजारी पडले आणि त्यांपैकी 22 दगावले. रुग्णांत वृद्धाश्रमांतील व रुग्णालयांतील लोक बरेच होते. कारखाना बंद करून माल परत मागवावा लागला. कंपनीच्या प्रमुखांना दूरचित्रवाणीवर येऊन जनतेची माफी मागावी लागली.

जंतू होते कोठे?

मांस नीट शिजवले जात होते आणि शिजवताना लिस्टेरिया मरतो. मग जंतू आले कोठून? ते चकत्या कापणाऱ्या यंत्रांच्या आत, खोलवर दडून बसले होते. यंत्रे रोज धुतली जात. परंतु पूर्ण खोलल्याशिवाय तेथवर ब्रश पोचत नव्हता. शिजलेले, निर्जंतुक मांस त्या पात्यांखालून जाताना पुन्हा दूषित होई.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. कारखान्याच्या स्वतःच्या तपासणीत लिस्टेरिया आधीही वारंवार सापडला होता. दर वेळी ती जागा धुतली जाई, पुढची तपासणी ठीक येई आणि काही दिवसांनी जंतू पुन्हा दिसत. एकच दोष परत परत का येतो, हा प्रश्न कोणी धरून ठेवला नाही.

बुळबुळीत थराची करामत

पाण्याची टाकी आतून चाचपली की हाताला बुळबुळीत लागते. तो जंतूंनी स्वतःभोवती तयार केलेला चिकट थर असतो. शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात. पोलादाची ओरखडे पडलेली पाती, रबरी वायसर, पट्टे, स्क्रूच्या खाचा अशा ठिकाणी चरबी व रक्ताचा अंश राहिला की जंतू तेथे चिकटतात आणि हे आवरण विणतात. वरून क्लोरीनचे पाणी टाकले तर त्याचा जोर चरबी व रक्तावरच खर्च होतो. आतले जंतू जिवंत राहतात.

लिस्टेरिया तर फ्रिजच्या थंडीतही वाढतो. गोठवल्याने त्याची वाढ थांबते, पण तो मरत नाही. गर्भवती स्त्रियांना त्याचा विशेष धोका असून गर्भपात होऊ शकतो. दक्षिण आफ्रिकेत 2017-18 मध्ये याच जंतूने 1,060 जण आजारी पडले व 200 हून अधिक मृत्युमुखी पडले. त्याचा उगमही तयार मांसाच्या एका कारखान्यातच सापडला.

आपल्या दुकानात काय करावे?

आपल्याकडे बहुतेकांचे दुकान लहान; चिंचेचा ठोकळा, सुरे आणि खिम्याचे मशीन एवढेच भांडवल. येथे सॅल्मोनेला, ई. कोलाय यांसारख्या जंतूंची भीती अधिक. मांसाच्या पृष्ठभागावरचे जंतू खिमा करताना आतपर्यंत मिसळतात, म्हणून खिम्याचे मशीन सर्वांत जोखमीचे. कबाब आतपर्यंत शिजला पाहिजे, हे गिऱ्हाइकालाही सांगावे.

धुण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम मशीनची वीज बंद करून जाळी, पाते व मळसूत्र सुटे करावे. चिकटलेले मांस खरवडून काढावे. मग कोमट पाण्याने धुवावे. सुरुवातीलाच उकळते पाणी टाकल्यास रक्तातील प्रथिने शिजून धातूला घट्ट चिकटतात. त्यानंतर साबण किंवा सोड्याच्या पाण्याने ब्रश घेऊन घासावे. थर तुटतो तो घासण्याने, नुसत्या औषधाने नव्हे. पुन्हा स्वच्छ धुऊन शेवटी जंतुनाशक वापरावे आणि सर्व भाग कोरडे करून ठेवावेत. ब्लीचिंगच्या पाण्यात अॅसिड कधीही मिसळू नये; विषारी वायू निघतो.

ठोकळ्याला भेगा पडल्या असतील तर तो रंधून घ्यावा किंवा बदलावा. अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांतही लाकडी ठोकळा टणक, भरीव लाकडाचा असावा असे म्हटले आहे. रबरी वायसर चिरला की लगेच नवा घालावा. त्याची किंमत ती काय!

हलालबरोबर तय्यबही

आपल्या दुकानावरील ‘हलाल’ या पाटीवर विश्वास ठेवून गिऱ्हाईक येते. परंतु आपल्या दीनने खाण्याबाबत हलालसोबत तय्यब, म्हणजे शुद्ध व निर्दोष, ही अटही घातली आहे. जबिहा शरीअतप्रमाणे झाला, पण तेच मांस घाणेरड्या यंत्रातून गेले, तर अमानत पुरी झाली असे कसे म्हणावे?

टोरोंटोच्या कारखान्याकडे प्रयोगशाळा होती, तरी इशारा वाया गेला. आपल्याकडे प्रयोगशाळा नसली तरी नाक, डोळे आणि हात आहेत. धुतल्यानंतरही मशीनला वास येत असेल, आत बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागत असेल, तर तोच आपला इशारा समजावा. आमची दुकानदार बंधूंना विनंती आहे की, आज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी एकदा खिम्याचे मशीन पूर्ण खोलून पाहावे.